उतारशाळेच्या दारात



१३ जुलै २०२५ च्या रविवारी पवित्र मिस्सात चांगल्या शोमरोन्याचा दाखला वाचला गेला. आपण सर्वांनी तो धर्मशिक्षणाच्या वर्गातच पाठ केलेला आहे. याजक पाहून न पाहिल्यासारखे करतो, लेवी बाजूने निघून जातो, शोमरोनी थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवतो. इथपर्यंत आपले लक्ष असते. पुढचे आपण सहसा ऐकत नाही. त्या रविवारी आम्हा नवरा-बायकोला नेमके पुढचेच ऐकू आले. शोमरोनी त्या माणसाला आपल्या घरी नेत नाही, उतारशाळेत नेतो. एक रात्र त्याची शुश्रूषा करतो आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातात दोन दिनार ठेवून, याला सांभाळ असे सांगून, निघून जातो.

त्या वेळी आमच्या घरी माजघरातल्या पलंगावर आई होती. एकाची आई आणि एकीची सासू, पण चोवीस वर्षांत तो फरक उरला नव्हता. वय ७४. छातीचा कॅन्सर मणक्यांत उतरलेला, आणि छातीवर न भरणारी जखम. बरे करणारा इलाज आता नाही, हे डॉक्टरांनी सांगून झाले होते. तिला हॉस्पिसमध्ये ठेवायचे की नाही, आणि ठेवायचे तर कोणत्या, हे आम्हाला त्या आठवड्यात ठरवायचे होते. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पटांगणात लोक विचारत होते, “आई कशी आहे?” आम्ही सांगत होतो, “बरी आहे.”

फादरांनी या पत्रिकेसाठी लिहायला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाही म्हटले. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असे वाटले. पण त्यानंतर आपल्याच धर्मग्रामातील तिघांनी, वेगवेगळ्या वेळी, आवाज खाली करून आम्हाला तोच प्रश्न विचारला. म्हणून लिहीत आहोत.

आपल्या बोलण्यात या गोष्टीसाठी एकच क्रियापद आहे. ‘आईला आश्रमात टाकली.’ शाळेत आपण मुलाला घालतो, हॉस्पिटलात रुग्णाला ठेवतो, पण आश्रमात मात्र टाकतो. तो शब्द आपण दुसऱ्यांच्या बाबतीत इतक्या वेळा सहज वापरलेला असतो की स्वतःवर वेळ आली की तो आधीच घराच्या ओट्यावर येऊन बसलेला असतो. दुबईहून थोरल्या दादाचा फोन आला. तो म्हणाला, “आईला टाकणार तुम्ही? गाव तोंडात शेण घालेल.” आम्ही त्याला त्या रविवारचा दाखला सांगितला. तो काही अडाणी माणूस नाही. त्याने लगेच विचारले, “शोमरोन्याचा तो कोण होता? परका. वाटेत भेटलेला. आई परकी आहे का?”

हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. चौथी आज्ञा आईबापांचा मान राखायला सांगते. परक्यासाठी शोमरोन्याने जेवढे केले तेवढ्यावर मुलगा सुटू शकत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण आईचे ऋण जास्त आहे याचा अर्थ ते आपल्याच हातांनी फेडले पाहिजे असा होतो का? आमच्या हातांना तिचे दुखणे कमी करता येत नव्हते. तिला कुशीवर वळवताना ती ओरडायची, आणि आम्ही वळवणे पुढे ढकलायचो, म्हणून पाठीला जखमा होऊ लागल्या होत्या. प्रेम होते, म्हणूनच वळवणे होत नव्हते. ज्याला वळवण्याचे तंत्र येते आणि वळवण्याआधी अर्धा तास कोणते औषध द्यावे हे कळते, त्याच्या हाती तिला देणे हा मान राखणे नव्हे काय? प्रभू येशूनेही क्रुसावरून आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवले. हे दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “हो, पण त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले.” दादाशी वाद घालणे सोपे नाही.

एक गोष्ट मात्र त्याला सांगायला हवी होती ती आम्ही तेव्हा सांगितली नाही. ‘घरीच ठेवू’ असे म्हणणारा आणि घरी रात्री उठणारा, हे बहुतेक घरांत एकच माणूस नसतात. उठणारी सून असते, नाही तर न लग्न झालेली मुलगी. आमच्यापैकी एकीने बालवाडीतली नोकरी एप्रिलमध्ये सोडली होती. सहा माणसांच्या बैठकीत निर्णय झाला तेव्हा सर्वांनी मत दिले. चादर बदलणारीला कोणी विचारले नाही. आणि लाज वाटते, पण लिहितो, आमच्यापैकी दुसऱ्यानेही विचारले नाही.

जून महिन्यात आईला धाप लागली म्हणून आम्ही तिला एका खाजगी रुग्णालयात नेले होते. तिथे तिला अतिदक्षता विभागात ठेवले. दिवसातून दोनदा दहा मिनिटे भेट. नाकातली नळी ती काढून टाकी म्हणून तिचे हात पलंगाच्या कठड्याला बांधले होते. हे सर्व कायद्याने आणि नियमाने बरोबर असेल. कोणी वाईट वागले नाही. पण तिथे तिच्या आजाराशी जो तो लढत होता आणि तिच्याशी कोणी बोलत नव्हते. चौथ्या दिवशी आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत असे लिहून देऊन तिला घरी आणले. तेव्हाही मनात होते, आपण इलाज बंद करून पाप तर करत नाही ना?

याचे उत्तर ख्रिस्तसभेने फार पूर्वी दिले आहे, ते आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही एवढेच. बारावे पायस पोप असताना १९५७ साली त्यांनी डॉक्टरांसमोर हा विषय मांडला होता. रुग्णाला असह्य ओझे होईल असे असाधारण उपाय करीत राहण्याचे बंधन नाही. पुढे धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७८ आणि २२७९ या परिच्छेदांत हेच आले. मरण घडवून आणणे निषिद्ध आहे. फलद्रूप होणार नाहीत असे जाचक उपचार थांबवणे म्हणजे मरण घडवणे नव्हे. आणि अन्नपाणी, स्वच्छता, सोबत, वेदनाशमन ही साधी शुश्रूषा मात्र कधीच थांबवायची नाही. संत दुसरे जॉन पॉल २००५ च्या एप्रिलमध्ये अखेरच्या आजारात परत रुग्णालयात गेले नाहीत, व्हॅटिकनमधील आपल्या खोलीतच राहिले. आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, आणि रीत सोपी करून २०२३ साली, अखेरच्या अवस्थेत कृत्रिम उपाय नकोत असे माणसाला आधी लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे.

घरी आणल्यावर खरी परीक्षा रात्रीची होती. दुखले की गोळी द्या, असे सांगितले होते. म्हणजे आधी दुखायचे, मग आईने हाक मारायची, मग गोळी, मग तासभर तिचा परिणाम होण्याची वाट. ओळखीच्या डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल विचारले. ते म्हणाले, “आमच्याकडे ते ठेवता येत नाही.” १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर या औषधाला इतके परवाने लागू लागले की बहुतेक रुग्णालयांनी त्याचा नाद सोडला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही, आणि पुष्कळ डॉक्टरांना ते लिहून देण्याची सवय नाही.

त्यात आमच्या एका आत्याबाई रोज संध्याकाळी रोझरीला यायच्या. माणूस प्रेमळ. त्या आईला सांगायच्या, “सोस गं बाई. प्रभूने क्रुसावर सोसलं. इथलं इथेच फिटतंय, पुढचं शुद्धिस्थान कमी होईल.” आई डोळे मिटून घ्यायची. हे ऐकताना आम्हाला राग यायचा आणि रागाबद्दल अपराधीही वाटायचे, कारण लहानपणापासून आम्हीही हेच शिकलो होतो. दुःख प्रभूच्या दुःखात मिळवून अर्पण करता येते, ही आपली श्रद्धा आहे आणि आम्ही ती सोडलेली नाही. परंतु अर्पण स्वतःच्या वस्तूचे करायचे असते. दुसऱ्याच्या वेदनेचे अर्पण आपण कसे करणार? आईने जर म्हटले असते की मला औषध नको, मला भान ठेवून सोसायचे आहे, तर तो तिचा अधिकार होता. तिने तसे एकदाही म्हटले नाही. ती म्हणत होती, “काहीतरी द्या रे.” त्याच पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले होते की दुसरा मार्ग नसेल तर वेदनाशामक औषध देणे उचित आहे, मग त्याने गुंगी येवो किंवा आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असो, हेतू वेदना शमवण्याचा हवा, मारण्याचा नव्हे. आत्याबाईंना आम्ही हे वाचून दाखवले. त्या गप्प झाल्या आणि दुसऱ्या दिवशी येताना आईसाठी तांदळाची पेज घेऊन आल्या.

आता हॉस्पिसविषयी. हा शब्द मुळात वाटसरूंना आणि यात्रेकरूंना आसरा देणाऱ्या घराचा आहे, म्हणजे आपली धर्मशाळाच. मरणोन्मुख रुग्णांसाठी अशी घरे धर्मभगिनींनी पूर्वीच चालवली. लंडनमधील सेंट जोसेफ हॉस्पिस १९०५ चे. तिथेच काम केलेल्या डॉक्टर सिसिली साँडर्स या बाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले आणि या सेवेला आजचे रूप दिले. त्या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या होत्या. त्यांचे म्हणणे दोन गोष्टींत सांगता येईल. औषध घड्याळाप्रमाणे द्यायचे, दुखणे डोके वर काढण्याची वाट पाहायची नाही. आणि वेदना फक्त शरीराची नसते. पैशाची काळजी, मुलांशी झालेला अबोला, देवाची भीती, हे सर्व त्याच वेदनेचे भाग आहेत.

आपल्याकडे या घरांविषयी संकोच का आहे, याचा विचार करताना आम्हाला वाटले की संत मदर तेरेसा यांचे १९५२ साली कोलकात्याला सुरू झालेले निर्मल हृदय आपल्या मनात घर करून आहे. तिथे रस्त्यावर पडलेल्या, कोणी नसलेल्या माणसांना आणत. म्हणून आपण धरून चालतो की ज्याला कोणी नाही त्यानेच अशा ठिकाणी जावे. पण बांद्र्याला माउंट मेरीजवळ १९८६ साली डॉक्टर एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलेले शांती अवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस, आणि ते भरल्या घरच्या माणसांसाठीही आहे. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना तिथे धर्म न विचारता विनामूल्य ठेवतात. गोव्यात लोटली येथे त्यांचीच शाखा आहे. पुण्याला वारज्यात सिप्लाचे केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालते. परळच्या टाटा रुग्णालयाचाही या सेवेचा विभाग आहे आणि त्यांची माणसे मुंबईत घरी जाऊनही रुग्ण पाहतात. २०२० साली रोमहून या विषयावर एक मोठे पत्र प्रसिद्ध झाले. त्याचे नावच चांगल्या शोमरोन्यावरून ठेवले आहे आणि त्यात इच्छामरणाला ठाम नकार देताना अशा सेवागृहांची शिफारस केली आहे.

आम्ही स्वतः तीन ठिकाणी चौकशी केली. त्यांची नावे लिहीत नाही. एकाची जाहिरात नको आणि दुसऱ्याची निंदा नको.

पहिले ठिकाण दिसायला सर्वांत चांगले होते. काचेचा दरवाजा, वातानुकूलित खोल्या, भिंतीवर फुलांची चित्रे. टेबलामागच्या माणसाने पहिल्यांदा अनामत रक्कम सांगितली. रात्री किती माणसे असतात, असे विचारल्यावर कळले की पूर्ण मजल्याला एक मावशी. मॉर्फिन आहे का? नाही. मग त्रास वाढला तर काय करता? “लगेच ॲम्ब्युलन्स बोलावून हॉस्पिटलला शिफ्ट करतो, काळजी नको.” म्हणजे पुन्हा तेच हात बांधणे. फुलांच्या चित्रांकडे पाहत आम्ही बाहेर आलो. दुसऱ्या संस्थेचे डॉक्टर आणि परिचारिका घरी येतात. तेच आम्हाला हवे होते, कारण मग दादाचाही प्रश्न सुटला असता. पण त्यांची हद्द दहिसरला संपत होती आणि आपली वसई पलीकडे.

तिसरे ठिकाण साधे होते. सहा सहा खाटांच्या खोल्या, जुन्या लाद्या. आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही की वास येत नव्हता. ज्यांच्या घरी अशी जखम आहे त्यांना याचा अर्थ कळेल. आमच्या घरी आई दिवसभर उदबत्ती लावून ठेवायला सांगायची आणि नातवंडांना दारातूनच परत पाठवायची. सिस्टरांनी सांगितले, मेट्रोनिडाझोल नावाच्या साध्या गोळीची पूड जखमेवर घातली की वास पुष्कळ कमी होतो. चार महिने आम्ही उदबत्त्या जाळल्या. दोन-तीन रुपयांची गोळी आम्हाला कोणी सांगितली नाही. रात्रीचे डॉक्टर, मॉर्फिन, भेटीच्या वेळा, नातेवाईक राहू शकतो का, फादर येतात का, हे सर्व आम्ही विचारले. त्यांनीही आमच्याकडून तपासणीचे कागद आणि डॉक्टरांचे पत्र मागितले, आणि इथे व्हेंटिलेटर नाही हे तुम्हाला चालेल ना, असे स्पष्ट विचारून घेतले. ज्या घरांत कॅन्सर नसून मूत्रपिंडाचा किंवा मेंदूचा आजार आहे, त्यांनी हे आधीच विचारावे, कारण बरीच ठिकाणे फक्त कॅन्सरचे रुग्ण घेतात.

मग सिस्टरांनी विचारले, “त्यांना माहीत आहे का?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दादाला माहीत होते, मामांना माहीत होते, फादरांना माहीत होते, दूधवाल्यालाही माहीत होते. सिस्टर म्हणाल्या, “त्या हो म्हणतील तेव्हा आणा. जागा दोन-चार दिवस ठेवते.”

येताना लोकलमध्ये आम्ही बोललो नाही. कोणते ठिकाण चांगले, खर्च कोणी करायचा, गाव काय म्हणेल, या सर्वांचा आम्ही विचार केला होता, आणि जिला जायचे होते तिला विचारले नव्हते. आपण याला ‘तिला धक्का बसेल’ असे गोड नाव देतो. खरे म्हणजे धक्क्याची भीती आपल्यालाच असते. तिने आपल्यासमोर रडू नये म्हणून आपण तिच्याशी खोटे बोलतो. आठवी आज्ञा आजाऱ्याच्या खोलीबाहेर ठेवून आत जातो.

१७ तारखेच्या संध्याकाळी सांगितले. पुस्तकात असते तसे काही झाले नाही. आई रागावली. आजाराबद्दल नव्हे, ते तिला ठाऊक होतेच. “सगळ्या वाडीला विचारून झाल्यावर माझ्याकडे आलात,” म्हणाली. जायचे नाही म्हणून सांगितले आणि भिंतीकडे तोंड केले. चार दिवस ती आमच्याशी कामापुरती बोलली. त्या चार दिवसांत आम्ही तिचे ‘नाही’ हे खरोखरच ‘नाही’ म्हणून मान्य करायला तयार होतो का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नव्हतो. आम्ही वाट पाहत होतो. तरीही, तिला नाही म्हणता आले, ही गोष्ट लहान नव्हती. जानेवारीपासून तिला कोणी काही विचारलेच नव्हते. सोमवारी सकाळी तिनेच विचारले, “तिथे रात्री दुखलं तर कोण उठतं?” मग अटी घातल्या. स्वतःची गोधडी न्यायची. जखम नातवंडांना दाखवायची नाही. आणि दुखणे थांबले की घरी आणायचे. आम्ही तिन्ही कबूल केल्या.

२२ जुलैला मंगळवारी तिला नेले. पहिले दोन-तीन दिवस औषधाने गुंगी होती आणि आम्ही घाबरलो. सिस्टर म्हणाल्या उतरेल, आणि उतरली. दर चार तासांनी औषध, त्याने पोट बांधते म्हणून सोबत जुलाबाची गोळी, अंग वळवण्याच्या ठरलेल्या वेळा. आठवड्याभरात आई उशीला टेकून बसू लागली. बाजूच्या खाटेवरच्या आजींशी, त्या मालवणच्या, बोंबील कसे सुकवावेत यावर तिचा वाद झाला हे ऐकून आम्ही किती महिन्यांनी हसलो! रुग्णाभ्यंग संस्कार घेण्याला ती आधी घाबरायची, तो शेवटचाच असतो असा तिचा समज. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार फक्त अखेरच्या क्षणाचा नाही असे सांगितल्याला साठ वर्षे होऊन गेली. तिथल्या फादरांनी समजावले आणि तिने आनंदाने तो घेतला, पवित्र कम्युनियनही घेतले. दादा व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलला आणि नंतर आम्हाला फक्त “ठीक आहे” म्हणाला. त्याच्याकडून हे पुष्कळ होते.

१ ऑगस्टला शुक्रवारी सिस्टरांनी आम्हाला बाजूला बोलावले. दुखणे आटोक्यात आहे, म्हणाल्या, औषध कसे द्यायचे ते शिकवते, काही दिवस घरी न्या, गरज लागली की परत आणा. हेच तर ठरले होते. आईची तिसरी अट. आणि आम्ही म्हणालो, “पुढच्या रविवारी नेतो.”

कारणे होती. पावसाने माजघराची भिंत ओली झाली होती. मुलीची चाचणी परीक्षा होती. पण ही कारणे आम्ही नंतर जुळवली. त्या क्षणी मनात जे आले ते वेगळे होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दहा रात्री सलग झोपलो होतो. घरात उदबत्तीचा वास नव्हता. आम्हाला अजून एक आठवडा हवा होता. आईने विचारले, “आज नाही का?” “रविवारी,” आम्ही सांगितले. तिने मान हलवली आणि गोधडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

गुरुवारी, ७ ऑगस्टला पहाटे ती गेली. आमच्यापैकी एक जण तिथेच बाकावर झोपला होता, त्याला सिस्टरांनी उठवले. त्रास झाला नाही. श्वास लांब लांब होत गेला आणि थांबला.

त्या दाखल्यात शोमरोन्याचे एक वाक्य आहे ज्यावर आम्ही जुलैमध्ये आमची बाजू मांडली होती. दादाला आम्ही ते पुन्हा पुन्हा सांगितले होते. जास्तीचा खर्च होईल तो मी परत येईन तेव्हा देईन, असे तो उतारशाळेच्या मालकाला सांगतो. परत येईन! तो टाकून जात नाही, सोपवून जातो, आणि दोन्हींतला फरक या परत येण्यात आहे, असे आम्ही दादाला पटवत होतो. आजही आम्हाला तेच खरे वाटते. आईला तिथे ठेवले याबद्दल आमच्या मनाला टोचणी नाही. पुन्हा वेळ आली तर ठेवू, आणि दोन महिने आधी ठेवू. टोचणी आहे ती त्या शुक्रवारची. आम्ही रोज तिच्याकडे जात होतो, फळे नेत होतो, पाय चेपत होतो, पण ज्या परत येण्याचे वचन दिले होते ते हे नव्हते.

आम्ही कुमसारात हे सांगितले. फादरांनी काय सांगितले ते आमच्याजवळच राहू द्या. दादा डिसेंबरमध्ये आला तेव्हा त्यालाही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मी असतो तर आणली असती असं वाटतं. पण मी नव्हतोच ना.”

गोधडी सिस्टरांनी धुऊन, घडी करून परत दिली. आईसाठी घेतलेली हवेची गादी आणि तिचा पंप मात्र घरीच पडून आहे. चांगल्या स्थितीत आहे. धर्मग्रामात कोणाकडे अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर येऊन घेऊन जावी. संध्याकाळी सहानंतर आम्ही दोघेही घरी असतो.